बातानेस (फिलिपिन्स): आईला घेऊन जायचंय, दिवस कसे बसवू?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. फिलिपिन्सच्या अगदी उत्तर टोकाला बातानेस नावाचा बेटांचा प्रांत आहे. मनिलापेक्षा तैवान कितीतरी जवळ आणि अख्ख्या प्रांतात माणसं वीस हजारांहून कमी. गेली तीन वर्षं मी तिथले फोटो बघतेय. हिरव्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी फुटणारा समुद्र, जाड दगडी भिंतींची आणि गवताच्या छपरांची घरं. यंदा जायचंच असं ठरवलंय.

आम्ही चौघं: मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि माझी आई. आई ६७ वर्षांची आहे. चालते व्यवस्थित, पण गुडघ्यांमुळे उंच पायऱ्या नकोत. आई आणि मी शाकाहारी, बाकीचे दोघं सगळं खातात.

दिवाळीच्या सुट्टीत बारा दिवस मिळतील. मनात आहे ते असं: मनिला दोन दिवस, बानाउएची भातशेतीची पायऱ्या-पायऱ्यांची खाचरं तीन दिवस, बोहोल बेट तीन दिवस आणि शेवटी शांतपणे बातानेस, तीन दिवस. तिथूनच मनिलाला येऊन परतीचं विमान. जमेल का? कुणी जाऊन आलंय का?

दर्यावर

सागरगोटा, मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नऊ दिवस तिथे होतो. तुमचा बेत वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण त्यातली एक गोष्ट कृपा करून बदला. बातानेस शेवटी ठेवू नका. सगळ्यात आधी ठेवा.

मनिलाहून बातानेसच्या राजधानीला, बास्कोला, पंख्यांची लहान विमानं जातात, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. बास्कोची धावपट्टी आखूड, एका बाजूला इराया ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला समुद्र. वारा आडवा आला किंवा ढग खाली उतरले की विमान उतरत नाही. उतरलं नाही म्हणजे पुढचं तुम्हाला घेऊन निघतही नाही. आमचं जातानाचं विमान सलग दोन दिवस रद्द झालं, तेही एप्रिलमध्ये, जेव्हा हवा सगळ्यात शांत असते. आमच्याबरोबर एक जोडपं होतं, त्यांच्याकडे मोजून तीन दिवस होते. ते विमानतळावरूनच परत गेले. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

यात आणखी एक गाठ आहे. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ती मुदत तिथे गेल्यावर वाढवून मिळत नाही. म्हणजे तुम्ही बाराव्या दिवशी बास्कोत अडकलात तर आंतरराष्ट्रीय तिकीट तर जाईलच, मुदतीचाही घोर लागेल. बेट आधी केलं तर अडकलात तरी कापायला पुढचे दिवस हाताशी असतात. (ही सवलत सुरुवातीला प्रायोगिक म्हणून दिलेली आहे. तिकिटं काढायच्या दिवशी फिलिपिन्स दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघाच.)

आणि तीन दिवस कमी आहेत. सहा रात्री ठेवा. बोहोल सोडा.

सागरगोटा

दर्यावर, मनापासून आभार. १४ दिवसांचं माहीत होतं, पण ते आणि विमान रद्द होणं हे दोन्ही एकत्र डोक्यात आलंच नव्हतं. बोहोलवर फुली मारली. दिवाळीचं काय वाटतं?

दर्यावर

दिवाळी नको. वादळांचा हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीला आलेलं वादळ, ज्याला तिकडे हुलियान म्हणतात, बातानेसवरूनच गेलं. २०१६ च्या सप्टेंबरात मेरांती तर थेट इत्बायात बेटावर आदळलं होतं. वादळं सरली की ईशान्येचा वारा सुरू होतो, त्याला ते अमिहान म्हणतात. त्या दिवसांत टेकड्या हिरव्यागार आणि हवा थंडगार असते, पण समुद्र खवळलेला. होड्या बंद म्हणजे शेजारचं साब्तांग बेट नाही. आणि साब्तांग न बघता परत यायचं म्हणजे अर्धं बातानेस राहिलं.

मार्चअखेर ते मे हा काळ धरा. मुलगा दहावीत आहे म्हणताय, परीक्षा झाल्यावर रिकामाच असेल ना?

निळावंती

दर्यावर यांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. साब्तांगबद्दल मी लिहिते, कारण मी खास तिथल्या घरांसाठी गेले होते.

बास्को ज्या बेटावर आहे त्या बातान बेटावरच्या इवाना बंदरातून सकाळी लवकर होडी सुटते. तिला फालुवा म्हणतात. फिलिपिन्समधल्या इतर होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असतात, फालुवाला नसतात. बूड गोलसर, लाटेबरोबर डोलणारं. पाऊण तासाच्या आत पोचतो, पण मधल्या पट्ट्यात प्रवाह एकमेकांना छेदतात आणि तिथे होडी बऱ्यापैकी हेलकावते. काकूंना उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या. चढताना-उतरताना नावाडी हात धरतात, अगदी सांभाळून. घाई मात्र करायची नाही, ते सांगतील तेव्हाच पाय टाकायचा.

साब्तांगवर साविदुग आणि चावायान ही दोन गावं बघायची. भिंती चुन्यात बसवलेल्या दगडांच्या, कुठे कुठे पोवळ्याच्या खडकाच्या, जाडी हातभराहून जास्त. दारं बुटकी, खिडक्या लहान आणि वादळ ज्या अंगाने येतं त्या अंगाला बहुधा खिडकीच नाही. वर कोगोन गवताचे थरावर थर, इतके जाड की आत भर उन्हात गारवा. वादळ येणार असलं की छपरावरून दोर टाकून ते जमिनीत किंवा भिंतीत बसवलेल्या दगडांना बांधतात. एका घराच्या भिंतीत बाहेर आलेले ते दगड मला घरमालकांनी हात लावून दाखवले.

छप्पर शाकारायचं असलं की सगळं गाव येतं. त्याला त्यांच्याकडे यारु म्हणतात. मजुरी नाही, ज्याचं घर त्याने जेवू घालायचं आणि पुढच्याच्या वेळी आपण जायचं. मला तर थेट आपली इर्जिक आठवली. आपल्याकडे शब्द उरला, तिथे काम अजून चालू आहे. पण गवताचं छप्पर महाग आणि कष्टाचं, त्यामुळे पत्रेही बरेच दिसतात. 'अरे, पत्रा!' म्हणून नाक मुरडू नये. वादळात राहणाऱ्याला जे परवडतं ते तो घालतो.

जुनीपाने

घरांबद्दल थोडी भर. ही दगड-चुन्याची घरं स्पॅनिश लोक आल्यानंतरची. त्याआधी इथले मूळ रहिवासी, इवातान लोक, टेकड्यांच्या माथ्यावर दगडी गढ्यांमध्ये आसरा घेत, त्यांना इजांग म्हणतात. साविदुगजवळचा इजांग खालच्या रस्त्यावरूनही दिसतो. खालून बघितलं की कळतं, वरून दगड लोटले तर चढून येणाऱ्याची काय अवस्था होत असेल.

१६८७ मध्ये विल्यम डँपियर हा इंग्रज दर्यावर्दी इथे थांबला होता. उसाच्या रसापासून इथे जी दारू करतात तिच्या नावावरून त्याने बेटांना 'बाशी' म्हटलं. तैवान आणि बातानेसच्या मधल्या सामुद्रधुनीला आजही बाशी हेच नाव आहे.

स्पॅनिश सत्ता औपचारिकपणे २६ जून १७८३ ला आली. गव्हर्नर होसे बास्को, त्याचंच नाव राजधानीला. साब्तांगच्या आमान दांगात या प्रमुखाने विरोध केला, त्याला १७९१ मध्ये फाशी दिलं आणि साब्तांगच्या लोकांना उठवून बातान बेटावर नेलं. त्यांना परत यायला बरीच वर्षं लागली. चावायानच्या गल्लीत फोटो काढताना हे माहीत असावं असं मला वाटतं. ती गावं 'जशीच्या तशी' राहिलेली नाहीत. उठवली गेलेली माणसं परत येऊन तिथे पुन्हा रुजली.

दुसऱ्या महायुद्धात ८ डिसेंबर १९४१ ला जपानी सैन्य फिलिपिन्समध्ये सगळ्यात आधी उतरलं तेही इथेच, बातान बेटावर. बास्कोजवळ त्यांचं भुयार आहे. मुलाला नक्की दाखवा.

सागरगोटा

हे सगळं वाचून अंगावर काटा आला. जुनीपाने, मुलाने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. होय, तो मार्चनंतर मोकळा आहे. नवऱ्याने एप्रिलअखेरीची रजा मिळेल असं सांगितलंय, तर दिवाळी रद्द.

आता खाण्याचं. आईला सगळ्यात जास्त काळजी तीच आहे.

जास्वंद

मी पूर्ण शाकाहारी आणि बातानेसमध्ये पाच दिवस नीट जेवले, पण तयारी करून गेले होते म्हणून.

बेटं वाऱ्याची, त्यामुळे जमिनीखाली वाढणारं पीक जास्त. रताळी, अळकुड्या, कोनफळासारखे कंद, लसूण. हळद घातलेला पिवळा भात मिळतो, त्याला सुपास म्हणतात. अळूचे देठ वाळवून ठेवतात आणि त्यांची भाजी करतात, तिचं नाव वुनेस. नाव वाचून आई खूश होतील, पण थांबा: वुनेसमध्ये डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. केळीच्या कंदाचे गोळे असतात, उवुद, त्यातही मांस किंवा मासळी असते. 'भाजी' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर 'ज्यात भाजीही आहे असा पदार्थ' येतो. म्हणून 'मांस नको' एवढं पुरत नाही. मासे नको, कोळंबीची पेस्ट नको, मांसाचा रस्सा नको, चरबी नको, असं एकेक नाव घेऊन सांगायचं. मी कागदावर लिहून नेलं होतं आणि घरमालकिणीने तो कागद स्वयंपाकघरात चिकटवून ठेवला.

घरगुती निवासात राहा. आदल्या दिवशी सांगितलं की त्या मनापासून करतात. मला एका सकाळी उकडलेली रताळी, भात आणि लसणावर परतलेला पाला मिळाला, तो स्वाद विसरणार नाही. सोबत मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, खाकरे ठेवा. साब्तांगच्या दिवशी डबा बरोबरच घ्या, तिथे पर्याय फारच थोडे.

मांसाहारी मंडळींना एक विनंती. नारळखेकडा, तिकडचं नाव तातुस, कुणी देऊ केला तरी नको म्हणा. तो फार सावकाश वाढतो आणि संकटात आलेल्या प्रजातींमध्ये मोडतो. मासे भरपूर आहेत की.

दर्यावर

माशांवरून आठवलं. मार्च ते मे हाच उडणाऱ्या माशांचा हंगाम. त्यांना दिबांग म्हणतात आणि त्यांच्या मागे येणारा मोठा मासा आरायु. महाताओजवळ दिउरा हे कोळ्यांचं गाव आहे. तिथले माताउ, म्हणजे आरायु धरणारे कोळी, लहान होडीतून एकेकटे जातात. आधी दिबांग पकडायचा, मग तोच गळाला लावून आरायु. हंगाम सुरू होण्याआधी किनाऱ्यावर विधी होतो, बळी देतात आणि समुद्राकडे मागणं मागतात. हंगामभर काय करायचं, काय नाही याचे त्यांचे नियम असतात. आपण होड्यांना हात लावायचा नाही, धक्क्यावर मध्ये उभं राहायचं नाही. आम्ही लांब बसून बघत होतो, तर एका आजोबांनी हात करून जवळ बोलावलं आणि वाळत घातलेल्या माशांच्या रांगा दाखवल्या. बोलावलं तर जायचं.

पायवाट

सगळे साब्तांगपर्यंत येऊन थांबलात, मी इत्बायातसाठी बोलतो. तिन्ही वस्तीच्या बेटांत ते सगळ्यात मोठं आणि तिथे पर्यटक अगदी तुरळक. बास्कोहून फालुवाने तीन-चार तास. बेटाला वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच, चहूबाजूंनी समुद्रातून वर उठलेला पोवळ्याचा कडा. बंदर म्हणजे कड्यात केलेल्या पायऱ्या. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पायरीवर उडी मारायची. वर चढून गेलं की कुरणं, गुरं आणि शांतता. आयुष्यातले माझे सगळ्यात चांगले चार दिवस तिथले. सागरगोटा, नऊ दिवस काढा आणि इत्बायात कराच.

निळावंती

पायवाट, तुमचं प्रेम समजतं, पण गुडघे दुखणाऱ्या ६७ वर्षांच्या बाईंना लाटेवरून पायरीवर उडी मारायला सांगणं बरोबर नाही. शिवाय हवा बिघडली तर तिथे आठवडा अडकता येतं, आणि यांच्याकडे १४ दिवसांची मर्यादा आहे.

पायवाट

मान्य. काकूंचं वय माझ्या लक्षात यायला हवं होतं. सागरगोटा, माझा सल्ला मागे घेतो.

पण तिथलं एक सांगतो. २७ जुलै २०१९ ला पहाटे इत्बायातला भूकंप झाले आणि नऊ माणसं गेली. जी दगडी घरं शतकभर वादळांना पुरून उरली तीच भूकंपात माणसांवर कोसळली. जिथे राहिलो होतो त्या घरच्या बाई रात्री दार उघडं ठेवूनच झोपायच्या. मी कारण विचारलं नाही. बातानेसची घरं 'निसर्गाशी जुळवून घेतलेली' असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते वाऱ्यापुरतं खरं आहे.

सागरगोटा

पायवाट, मागे घेऊ नका हो. मुलगा मोठा झाला की त्याला तिकडे पाठवीन. पण यावेळी बातान आणि साब्तांगच.

निळावंती, चावायानमधल्या आज्यांच्या डोक्यावर पानांचं लांब केसांसारखं काहीतरी असतं, त्याबद्दल सांगा ना. आईने फोटो बघितला आणि म्हणाली, 'हे तर इरलं!'

निळावंती

काकूंनी अगदी बरोबर ओळखलं. त्याला वाकुल म्हणतात. वोयावोय नावाच्या तिथल्या रानशिंदीसारख्या झाडाच्या पानांचे धागे काढून बनवतात. डोक्यापासून पाठीवर पार खालपर्यंत येतं. ऊन, पाऊस, वारा तिन्ही झेलतं आणि वाकून काम करताना पाठ झाकलेली राहते. पुरुषांचं अंगात घालायचं त्याच पानांचं असतं, कानायी. काम आपल्या इरल्याचंच, फक्त विणीऐवजी धाग्यांची झुपकी.

चावायानमध्ये विणणाऱ्या बायकांची संस्था आहे, तिथे त्या बनवताना बघता येतात आणि तिथेच विकतही मिळतात. घ्यायचं तर तिथूनच घ्या.

फोटोबद्दल मी थोडी आग्रही आहे. पाहुण्यांना वाकुल घालून फोटो काढू देतात, त्यासाठी थोडे पैसे द्यायची पद्धत आहे, ते आनंदाने द्या. पण शेतातून परतणाऱ्या, डोक्यावर खरंच कामाचं वाकुल असलेल्या बाईवर कॅमेरा रोखू नका. मी पहिल्या दिवशी तसं केलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान वळवली. दुसऱ्या दिवशी मी तशाच एका आजींशेजारी कठड्यावर बसले. भाषा येत नव्हती, त्यांनी मला सोललेला ऊस दिला. निघताना मीच खुणेने विचारलं, त्यांनी मानेने हो म्हटलं. तो एक फोटो माझ्याकडे आहे, बाकीचे मी पुसून टाकले.

आभार मानायला ते जे म्हणतात त्याची सुरुवात 'दिओस' या स्पॅनिश शब्दाने होते आणि अर्थ साधारण 'देव तुझं भलं करो' असा. पोचल्या दिवशी घरमालकिणीकडून नीट उच्चार शिकून घ्या. काकूंना ते आवडेल.

दर्यावर

आता बातान बेटाचं थोडक्यात. उत्तरेकडे बास्कोभोवती नायदीचं दीपगृह, वायांगच्या टेकड्या, वालुगानचा किनारा. वालुगानला वाळू नाही, इरायाने फेकलेले आणि लाटांनी घासून गोल केलेले धोंडे आहेत. लाट मागे जाताना ते एकमेकांवर गडगडतात. तो आवाज ऐकत आम्ही तासभर बसलो. धोंड्यांवरून चालायचा मोह काकूंना नको, रस्त्याकडेनेही छान दिसतं. पोहणं तर कुणीच नको, ओढ भयंकर आहे.

दक्षिणेकडे महाताओ, इवाना, उयुगन. राकुह आ पायामान हे सामाईक कुरण, जिथे गावाची गुरं चरतात आणि पलीकडे थेट महासागर. इवानात १८८७ मधलं दगडी दाकाय घर. बंदरासमोर विनादुकानदाराचं दुकान आहे: वस्तू घ्या, वहीत लिहा, पैसे पेटीत टाका. १९९५ पासून चालू आहे. सुटे पैसे न्या, मोड द्यायला कुणी नसतं.

सायकल मुलाला मिळेल, पण दक्षिणेच्या रस्त्यावर चढ आहेत आणि वळणं आंधळी. वळणावर भोंगा वाजवा अशा पाट्या आहेत, त्या पाळा. काकूंसाठी छपराची तीनचाकी वाटाड्यासकट दिवसभर ठरवा.

पैसे पेसोत, रोख, मनिलाहूनच. बास्कोत एटीएम आहे, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका, आणि साब्तांगला जाताना तर पूर्ण रोकडच हवी. पोचल्यावर पर्यटन कार्यालयात नोंदणी आणि पर्यावरण शुल्क. संपूर्ण प्रांत कायद्याने संरक्षित क्षेत्र आहे, त्यामुळे दगड, शिंपले काही उचलायचं नाही. देशात शिरण्याआधीचा 'ईट्रॅव्हल' फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ७२ तासांत भरायचा, तो फुकट असतो. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा.

सागरगोटा

सगळ्यांचं वाचून नव्याने मांडलंय, बघा बरं:

एप्रिलअखेर मनिलात एक रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळचं बास्कोचं विमान. बास्कोत सहा रात्री. त्यातला साब्तांगचा दिवस ठरवायचा नाही, पोचल्यावर समुद्र शांत असेल तो पहिलाच दिवस पकडायचा. मग मनिलात परत आणि तीन मोकळे दिवस. विमानं वेळेवर झाली तर त्यात बानाउए, नाहीतर ते दिवस बेटाने खाल्ले असं समजायचं. मनिलाहून निघण्याआधीचा एक दिवस तर काहीही झालं तरी रिकामा.

दर्यावर

उत्तम. साब्तांगबद्दलचा निर्णय तर फारच योग्य. फक्त बानाउए मनातून काढूनच टाका. मनिलाहून रात्रभराची बस आहे, काकूंना दोन रात्री बसमध्ये काढाव्या लागतील. मोकळा वेळ मिळालाच तर मनिलातलं इंत्रामुरोस, म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर बघा.

सागरगोटा

बरं, बानाउएही गेलं. आता आईचाच एक प्रश्न, तिने मला इथे लिहायला लावलाय. तिच्या आजीचं इरलं माळ्यावर होतं, घर पाडलं तेव्हा गेलं. तिला वाकुल विकत घेऊन आणायचंय. विमानात येईल का?

निळावंती

येईल. मी आणलंय. लहान विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते, पण वाकुल हलकं असतं. बॅगेत दुमडू नका, धागे मोडतात. जुन्या चादरीत सैल गुंडाळून हातात धरायचं. चावायानच्या बायका सुकं आणि नीट बांधून देतात, त्यांना फक्त लांब जायचंय हे सांगा. वनस्पतीची वस्तू म्हणून भारतात उतरल्यावर कस्टम्सला ती स्वतःहून दाखवा. घरी आल्यावर बंद कपाटात ठेवायचं नाही, खुंटीला टांगायचं, म्हणजे पावसाळ्यात बुरशी येत नाही.

आणि काकूंना सांगा, विकत घेण्याआधी एकदा डोक्यावर घालून बघा. लहान-मोठी मापं असतात.